पूजेच्या वेळी बदललेली सेटिंग

ती घटना आठवली की अजूनही माझं डोकं तापतं.

मी तेव्हा सायबर शाखेत होतो. इंदिरानगरचे एक गृहस्थ फिर्याद घेऊन आले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. क्रिप्टोची खरेदी-विक्री आपोआप करणारा एक बॉट त्यांनी लावला होता आणि एका सकाळी खातं रिकामं झालं. बॉटची सेटिंग वरच्या खोलीतल्या भाडेकरूनं करून दिलेली. संगणकाच्या कामातला, एकटा राहणारा पोरगा.

"लय गोड बोलायचा, साहेब," गृहस्थ म्हणाले. सोबत त्यांच्या पत्नी होत्या. "आडनाव ऐकूनच खोली द्यायला नको होती," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांच्या धाकट्या मुलाचा फोन आला. "माझं नाव नको, पण भाडेकरू सामान बांधतोय. लवकर उचला." आम्ही उचलला. सगळी कॉलनी गॅलरीत उभी राहून बघत होती.

खोटं बोलणाऱ्याची उत्तरं तयार असतात. हा पोरगा मात्र विचार करून बोलत होता. "सामान काकांच्या घरच्यांनीच जिन्यात काढून ठेवलं, साहेब. बॉटला मी फक्त खरेदी-विक्रीची परवानगी दिली होती. पैसे बाहेर पाठवायची बंद ठेवली, काकांना दाखवली पण. मागाहून कुणीतरी चालू केलीय."

क्रिप्टोचं खातं होतं त्या कंपनीकडून माहिती मागवली. पोरगा खरं बोलत होता. ती परवानगी त्याच दिवशी सकाळी सातला, फिर्यादीच्याच मोबाईलवरून चालू झाली होती. त्यांना बोलावलं.

"तवा मी पूजेत असतो. डोळे मिटलेले, मोबाईलवर यूट्यूबचं स्तोत्र लावलेलं. त्याला कुणी हात लावत नाय."

माझ्याही घरी सकाळी मोबाईलवर तशीच यूट्यूबची आरती लागते. कुणी त्यात दुसरं काही उघडलं की ती थांबते. मी विचारलं, "त्या दिवशी स्तोत्र मध्येच थांबलं होतं का?"

"हां, थांबलं होतं. धाकट्यानं परत लावून..."

 वाक्य अर्धवट टाकून त्यांनी हात जोडले. "साहेब, भाडेकरूचंच नाव राहू द्या. त्याच्या मागं कोण हाय?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणाची एवढी किळस आली नव्हती. धाकट्याला मी अटक केली. पुढे खटल्यात बाप फितूर झाला. परवानगी मीच चालू करायला सांगितली होती, म्हणाला. मुलगा सुटला.

ते मी गिळलं असतं. पण भाडेकरू जप्त केलेला लॅपटॉप न्यायला ठाण्यात आला, तेव्हा पावतीवर सही करून तसाच उभा राहिला. "साहेब, मी काही केलं नाही, हे कॉलनीत कोण सांगणार?"

गुन्हेगाराविरुद्ध आम्ही आरोपपत्र दाखल करतो. ज्यानं काही केलं नाही त्याच्यासाठी दारोदार फिरवायचा कागद पोलिसांकडे नसतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

"मी सांगतो," म्हणालो आणि गणवेशातच गेलो. सोसायटीच्या अध्यक्षांनी चहा दिला. "जाऊ द्या ना साहेब, त्यांच्या घरातली गोष्ट आहे." बाहेर येऊन मी वर पाहिलं. एकाही गॅलरीत माणूस नव्हता.