बुजगावण्याचं बोट

लोणावळ्यातल्या कपड्यांच्या दुकानाने टाकून दिलेला प्लॅस्टिकचा पुतळा मी बेडसे गावातल्या माझ्या शेतात बुजगावणं म्हणून उभा केला, ही चूक माझीच. खालचं भाताचं खाचर शेजारच्या मावशींचं. त्या म्हणाल्या, “काढ बाबा त्याला. लय बगतंय माज्याकडं.”

“तुमचं भात माज्यापरीस चांगलं, म्हणून बगत आसंल,” मी हसून टाळलं.

दोन वर्षांच्या उन्हाने त्याचं अंग पांढरं पडलं. खांद्याला हात लावला की बोटांना पीठ लागे. मग गाल तडकून गळाला आणि पोकळ डोक्यातून पलीकडचा डोंगर दिसू लागला. ओठ मात्र हसरेच राहिले. तरी मी तो काढला नाही.

यंदा लावणीच्या वेळी मावशींनी हाक मारली. माझ्या खाचरातलं पाणी त्यांच्याकडे उतरतं. त्यांच्या तळहातावर चिखलाने माखलेलं एक बोट होतं. मी चिमटीत धरताच त्याचा चुरा झाला. चिखलात तसल्याच पांढऱ्या कपच्या सगळीकडे दिसत होत्या.

“ह्ये आता भातात येनार का रं?” त्यांनी विचारलं.

“चुकलो, मावशी,” मी म्हणालो. “तुमची जमीन मी नासवली. माफ करा मला.”