मिशीवाली मोलकरीण

भिकाजीविषयी सतीशला तसं फारच थोडं ठाऊक होतं. गाव संगमेश्वरकडचं, आखातात अबुधाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत परांची बांधायचं काम आणि चहात साखर जरा जास्त. घरी बायकामुलं आहेत का, हेही त्याने कधी विचारलं नाही. पण १९९६ साली कामगारांच्या कॅम्पातल्या मराठी मंडळींनी इटलीच्या जुन्या प्रहसनांच्या धर्तीवर नाटक करायचं ठरवलं, तेव्हा ऑफिसात टायपिंग करणाऱ्या सतीशने ते बसवायला घेतलं आणि चतुर मोलकरणीचं काम भिकाजीलाच दिलं. कॅम्पात बाई औषधालाही नव्हती, आणि भिकाजीसारखी जीभ दुसऱ्या कुणाला नव्हती.

अडलं ते मिशीवर.

"भाऊ, मलापण जहूरसारखा मुखवटा द्या की," भिकाजी म्हणाला. शेटजी झालेल्या जहूरला पुठ्ठ्याचं लांब नाक मिळालं होतं.

"शेटजी आणि नोकर मुखवटे घालतात. मोलकरीण मात्र उघड्या तोंडानेच येते," सतीश म्हणाला. "लोकांना डोळा मारून ती सगळ्यांची लबाडी फोडते. मिशी काढ."

"मग दुसरी मोलकरीण बघा."

"अरे भिक्या, महिन्याभरात परत उगवेल!" जहूर ओरडला. "यल्ला, चला, वस्तरा आणा रे!"

सगळे हसले. भिकाजी हसला नाही.

"आमच्यात बाप गेल्यावर मिशी काढतात. माझे बाबा आजारी आहेत, पण आहेत. नाटक झालं की सुट्टीवर जायचंय मला. असा त्यांच्यापुढे उभा राहू?"

जहूरने जीभ चावली.

"राहू दे मिशी," सतीश म्हणाला. "तशीच ये."

म्हणाला खरा, पण शुक्रवारी मेसमध्ये भिकाजी लुगडं सावरत आला आणि पहिल्याच रांगेतून "मावशी, मिशी!" अशी आरोळी उठली, तेव्हा सतीशचा हात पडद्याच्या दोरीकडे गेला.

भिकाजीने कमरेवर हात ठेवला. लोकांकडे बघून डोळा मारला.

"ही मालकांची हो. धुवायला दिलीय. वाळली की परत करते!"

"तरीच!" मुखवट्यामागून जहूर गरजला. "सकाळपासून शोधतोय!"

मेस हसून हसून लोळली. तिथून पुढे नाटक भिकाजीचंच झालं.

दुसऱ्या दिवशी तो अबुधाबीच्या बसमध्ये बसला. सुट्टीनंतर तो परत आलाच नाही. गावीच राहिला म्हणे. त्या दिवशी सतीश बसच्या खिडकीशी उभा होता. मनात पुष्कळ होतं, विचारलं एवढंच.

"पाण्याची बाटली घेतलीस ना?"

"घेतली, भाऊ. तुम्ही जा आता, ऊन लागेल."