मूठ मिटायची राहिली

थोरले साडू गेले तेव्हा भेटायला येणारे धाकट्यांना हमखास विचारत, "तुम्ही घरचे आणि कामावरचेही. कसा होता हो माणूस?" धाकटे म्हणत, "चांगले होते." आणि आलेल्या माणसाकडे खुर्ची सरकवायचे. दोघांनी सख्ख्या बहिणी केलेल्या, दोघांची नोकरी एकाच सभागृहात. तरी सांगायला बसलं तर धाकट्यांना ठाऊक काय, तर थोरल्यांना चहा फिका लागतो आणि पावसाळी हवेत त्यांचा उजवा खांदा धरतो.

थोरले वाद्यवृंदात झांजा वाजवत. ताटाएवढ्या पितळी झांजा, शेवटच्या रांगेत उभं राहून. धाकट्यांची छत्रीदुरुस्तीची टपरी बसली तेव्हा थोरल्यांनीच शब्द टाकून त्यांना सभागृहात चिकटवलं, खुर्च्या आणि स्वरलिपीच्या कागदांचे स्टँड मांडायच्या कामावर. हा उपकार थोरल्यांनी कधी बोलून दाखवला नाही आणि धाकट्यांच्या तोंडून आभाराचा शब्द कधी निघाला नाही. दोघं जन्मभर एकमेकांना अहो-जाहो करत राहिले.

झांजेचं काम अजब. व्हायोलिनवाल्यांचे हात अख्खी संध्याकाळ चालायचे, थोरले मात्र हाताची घडी घालून बसलेले. त्यांच्या कागदावर नुसती रिकामी घरं, एकेक घर म्हणजे काही मात्रा गप्प बसायचं. ती मोजत जायची, मोजत जायची, आणि शेवटच्या घरात एकदा उठून आदळायचं. सहकारी त्यांना 'एकठोके' म्हणत. घरी थोरली तर पाहुण्यांसमोरच सुनवायची, "एकदा आदळतात आणि दमून येतात! मी रोज ओट्यावर त्याच्या दसपट आदळते, मला कुणी हार घातलाय?" थोरले म्हणत, "तुझी जागा चुकते ना." सगळे हसायचे. थोरलीही हसायची.

मोजायची त्यांच्या रांगेची एक रीत होती. ज्याच्या हातात वाद्य नसेल त्याने गुडघ्यावर मूठ ठेवायची आणि घरांचा एकेक गट संपला की एकेक बोट उघडायचं. पंजा पूर्ण उघडला की झांजवाल्याने झांजा उचलायच्या, मूठ मिटली की आदळायच्या. दुसरा नियम पहिल्याहून कडक: शंका आली तर वाजवायचं नाही.

त्या वर्षी कलाशाळेतल्या मुलांना वाद्यवृंदाबरोबर बसवायचं ठरलं. प्रत्येक वादकाशेजारी एक मूल. थोरल्यांच्या वाट्याला आखूड केसांची, नखं कुरतडणारी एक पोरगी आली. तालमीला पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "सर, मला मोजता येतं."

"मोजता सगळ्यांनाच येतं. मोजणी चुकल्यासारखी वाटली तर काय करशील?"

"अंदाजाने वाजवीन."

"अजिबात नाही. गप्प बसायचं. झांज चुकीच्या जागी वाजली तर बाहेरच्या पानवाल्यालाही कळतं. वाजलीच नाही तर कुणाला कळत नाही."

पोरीने मान डोलावली. तिला बापडीला ते शहाणपण वाटलं. धाकट्यांनाही वाटलं.

त्याच आठवड्यात व्यवस्थापक बाईंनी थोरल्यांना बोलावून घेतलं. बाई बोलायला गोड होत्या. म्हणाल्या, "कार्यक्रम नीट झाला तर झांजेसाठी कायमचा माणूस ठेवायची गरज उरणार नाही. लागेल तेव्हा शाळेतून मुलं बोलवू. तुम्हालाही विश्रांती." थोरल्यांनी ही गोष्ट घरी सांगितली नाही. बाईंच्या दाराचं बिजागर दुरुस्त करत असलेल्या धाकट्यांच्या कानावर ती पडली, आणि धाकट्यांनी ती बायकोला सांगितली.

"मग भावोजींना म्हणावं, पोरीला फार शिकवू नका," बायको म्हणाली. "आपल्याच हाताने आपली खुर्ची कशाला उचलून द्यायची?"

असलं काही तोंडावर बोलायची धाकट्यांची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी स्टँड पुसता पुसता ते आडून म्हणाले, "पोरगी हुशार दिसते हो."

"आहे."

"फारच हुशार नको व्हायला."

थोरल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. सगळं कळल्यासारखं पाहिलं. "झांज आहे ती, साडू," ते म्हणाले. "अर्धी वाजवता येत नाही." आणि पोरीला झांजांचे पट्टे हातात कसे धरायचे ते पुन्हा दाखवायला गेले. तालमी संपेपर्यंत पोरगी इतकी तयार झाली की तिची झांज पडली की व्हायोलिनवाले मागे वळून बघायचे. एरवी ते बायकोने हाक मारली तरी वळणारे नव्हेत.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह आईबापांनी भरलं होतं. धाकटे पडद्याच्या कडेला उभे होते. तिथून त्यांना शेवटची रांग सरळ दिसत होती. पोरगी खुर्चीच्या टोकावर, मांडीवर झांजा. शेजारी थोरले, गुडघ्यावर मूठ.

एकेक बोट उघडत गेलं. पंजा पूर्ण उघडला. पोरगी उठली, झांजा उचलल्या. तिचे ओठ हलत होते, म्हणजे ती स्वतःही मोजत होती. समोर वाद्यवृंदाच्या संचालकांचा हात वर गेला. पोरीची कोपरं पुढे झेपावली आणि मध्येच थांबली. तिची नजर गुडघ्याकडे गेली होती.

मूठ मिटलीच नव्हती. थोरल्यांचा पंजा उघडाच पडून होता, भीक मागायला पसरल्यासारखा.

जागा निघून गेली. पोरगी क्षणभर तशीच उभी राहिली, मग तिने आवाज न करता झांजा छातीशी धरल्या आणि खाली बसली. वाद्यं पुढे चालली होती. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला, लोक उभे राहिले.

मागच्या बोळात पोरगी भिंतीकडे तोंड करून रडत होती. संचालक म्हणाले, "असू दे गं. शिकताना होतं."

"तिचं बरोबर होतं," थोरले म्हणाले. "मूठ माझी मिटली नाही."

"असू दे हो."

"असू दे कसं? तिची मोजणी बिनचूक होती. लिहून घ्या वाटल्यास."

तेवढ्यात व्यवस्थापक बाई फुलं घेऊन आल्या. झालं काय ते ऐकून त्यांनी थोरल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "कुठली झांज? मी पहिल्या रांगेत होते, मला पत्ताच नाही. कुणाच्याही लक्षात आलेलं नाही, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका." त्या हे मनापासून धीर द्यायलाच म्हणाल्या. मग बोलता बोलता थांबल्या. हातातल्या फुलांकडे बघत राहिल्या. तेव्हाच काय ते ठरलं, असं धाकट्यांना वाटतं.

कारण महिना उलटायच्या आत झांजेची जागा रद्द झाली. आणि शाळेतून मुलंही बोलवली नाहीत. त्या झांजेवाचून अडत नाही, हे सगळ्यांनी ऐकलंच होतं.

पोरीने वाद्य सोडलं. थोरले तिला समजवायला शाळेत दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा ती भेटली नाही, दुसऱ्यांदा तिने मैत्रिणीकरवी निरोप पाठवला, "सरांना सांग, मी रागावलेली नाही." त्यानंतर थोरले घराबाहेर पडेनासे झाले. गॅलरीत बसायचे. थोरली आता ओट्यावर भांडी हळू ठेवायची.

एकदा तिने धाकट्यांना जिन्यात गाठलं. "खरं सांगा, तुम्ही तिथेच होतात. जागा वाचावी म्हणून मुद्दाम केलं का हो त्यांनी?"

"नाही ताई. चुकले."

"कशावरून?"

धाकटे कठडा धरून दोन पायऱ्या उतरले. मुद्दाम करणारा माणूस नंतर बोळात तसा बोलला नसता, असं त्यांना वाटे. पण मूठ न मिटवता येण्याइतका तो माणूस कच्चा नव्हता, हेही वाटे. रात्रंदिवस हा भुंगा डोकं पोखरायला लागला, तेव्हा सरळ विचारायचंच, असं ठरवून ते एका दुपारी गेले.

थोरले गॅलरीत होते. खांदा दुखत होता. दोघांनी फिका चहा घेतला. समोरच्या इमारतीला रंग देणं चाललं होतं, ते पाहिलं. धाकट्यांनी दोनदा घसा खाकरला. दुसऱ्यांदा थोरल्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिऊन झालं. मग धाकटे उठले, चप्पल घातली, दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"काय?" थोरल्यांनी विचारलं.

"काही नाही. निघतो म्हटलं."

"बरं. खालच्या फाटकाची कडी ओढून घ्या हं. आपोआप लागत नाही ती."

"घेतो," धाकटे म्हणाले.