हळद निवडणारी

ती आमच्या दाराची कडी कोपरानं वाजवायची. दोन्ही तळहात अंगापासून लांब धरलेले, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. "बाई, दार उघडा, न्हाईतर पिवळं करीन," असं बाहेरूनच ओरडायची.

मुलांनो, तिकडे परदेशात तुम्ही दुधात हळद घालून महागाचं पेय म्हणून पिता, असं तुमच्या आईनं सांगितलं. ती हळद हिच्या हातून गेलेली असेलही. आपलं हिंगोली हळदीवर चालतं. मोंढ्यात भाव चढला की कापडदुकानात पाय ठेवायला जागा नसते; पडला की न्हावीसुद्धा आरशात स्वतःलाच बघत बसतो. ही मागच्या गल्लीत एका खोलीत लेकीसह राहायची आणि एका व्यापाऱ्याच्या गोदामात दिवसभर हळकुंडं निवडायची. संध्याकाळी हात धुवायला आमच्या नळावर यायची. साबण, राख, लिंबू, कशानंच रंग निघत नसे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"कुंकू एका दिवसात पुसलं, बाई," हात घासता घासता ती म्हणायची. "ही काहून जाईना?"

आणि स्वतःच हसायची. मला मात्र हसावं की नाही ते कळत नसे.

लेकीचं लग्न औंढ्याजवळच्या एका गावात ठरलं. मुलगा टेम्पो चालवायचा. हळदीसाठी हिनं चांगली हळकुंडं निवडून विकत आणली, स्वतः कुटली, वस्त्रगाळ केली. वाटी घेऊन मांडवात आली, तर धाकट्या जावेनं ती हातातून काढून घेतली.

"अक्का, तुमी मागं बसा. हे सवाष्णींचं काम हाय."

मी मध्ये पडले. "अहो, मोंढ्यातली निम्मी हळद हिच्या हातून जाते. तुमच्या वाटीतलीही."

बायका हसल्या. जाऊ नाही हसली. "बाई, तुमी शिकलेल्या. पर पोरगी आमच्या घरची हाय."

ही मुकाट्यानं मागे पत्र्याच्या शेडपाशी जाऊन बसली. थोड्या वेळानं नवरी पाटावरून उठली, सगळ्यांसमोर तिकडे गेली आणि आईचे दोन्ही हात ओढून आपल्या गालांवर घासले.

"आता लागली हळद," म्हणाली.

"सोड, येडे, सोड!" ही हात मागे घेत होती आणि हसत होती. इतक्या खुशीत मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

वर्षाच्या आत जावई गेला. टेम्पो पुलावरून खाली कोसळला. हळदीला कुणाचा हात लागला होता, ते जावेनं चारचौघींत बोलून दाखवलं.

मी हिला परोपरीनं समजावलं. गाडीचे ब्रेक निकामी होते. सवाष्णींनीही हळद लावलीच होती, मग त्यांचं काय?

"तुमचं बराबर असंल, बाई," ती म्हणाली. "पर मी हात जोरानं मागं वढला न्हाई. मला ग्वाड लागून राहिलं व्हतं."

त्यानंतर ती लेकीकडे गेली नाही. लेक पोटुशी होती, तिला बाळंतपणालाही आणलं नाही. सासरचे तिला एकटीला बाहेर सोडत नव्हते. ती माझ्या फोनवर फोन करायची. "सांगा, घरी न्हाई," ही मला खुणेनं सांगायची. पण उठून जात नसे. पायरीवर बसून, तोंडात पदर कोंबून, लेकीचा आवाज ऐकत राहायची.

गोदामातल्या धुळीनं तिची छाती भरली होती. एकदा अशीच बसलेली असताना खोकल्याची उबळ आली, ती पदराला आवरेना.

पलीकडे लेक बोलायची थांबली.

"आजी, कोन खोकललं?"

"मीच गं."

मग लेक म्हणाली, "त्या खोकल्याला सांगा आजी, पोरगी झाली. म्हनावं, मी वाट पाहून राहिले."

मी फोन हिच्या तोंडासमोर धरला. तिनं मान हलवली, भिंतीला धरून उठली आणि गल्लीच्या तोंडापर्यंत मागं वळून पाहिलं नाही.

लेक आली ती आईच्या मातीलाच, कडेवर पोरगी घेऊन.