अरुंद जागेपर्यंतचा सिनेमा

माझा नवरा गेला, त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याचा मित्र बॉनमधल्या आमच्या घरी आला. दोघं एकाच प्रयोगशाळेत पीएचडी करत होते. शनिवारी दुपारी मी लायब्ररीत गेले की ते दोघं घरी भयपट बघायचे. मला असले सिनेमे सोसत नसत.

"वहिनी, त्याचा सगळ्यात आवडता कुठला, माहीत आहे?" मित्रानं पिशवीतून डीव्हीडी काढत विचारलं.

मला माहीत नव्हतं. याला माहीत होतं, हे मला टोचलं.

"लावा," मी म्हणाले.

त्यानं खिडकीचं रोलाडन, म्हणजे बाहेरचं गुंडाळतं शटर, पट्ट्यानं खाली सोडलं. पट्टा मध्येच अडकतो, तिथे कसा झटका द्यायचा, हेही त्याला ठाऊक होतं. भरदुपारी खोलीत मिट्ट काळोख झाला.

सिनेमात तीन भाऊ बंद पडलेल्या खाणीत उतरतात. मी भुताची वाट पाहत होते. ते येईचना. धाकटा भाऊ एका फटीतून सरपटत होता. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याला इतका चिकटलेला, की पुढे वाट आहे की भिंत, कळेना. त्याच्या दिव्याचा उजेड पडेल तेवढंच आपल्याला दिसायचं. संगीत थांबलं होतं. कापड दगडाला घासल्याचा आवाज, आणि श्वास. थोड्या वेळानं लक्षात आलं, मीही त्याच्याबरोबरच श्वास घेत होते. भुतापासून निदान पळता येतं. इथे अडकले होते ते माणसाचे स्वतःचेच खांदे.

मित्रानं सिनेमा थांबवला.

"तो नेहमी इथेच थांबवायला लावायचा. माझं मनगट घट्ट धरायचा. म्हणायचा, हिला सांगू नकोस, जन्मभर चिडवेल."

माझं मनगट नवऱ्यानं असं कधीच धरलं नव्हतं. लिफ्ट सोडून तो जिने चढायचा, तेव्हा व्यायाम होतो म्हणायचा, आणि मी ते खरं मानत आले होते. त्याची भीती या माणसाच्या वाट्याला आली, माझ्या वाट्याला व्यायाम.

"पुढे काय होतं?" मी विचारलं.

"कुणाला माहीत. दर वेळी इथेच बंद. आज बघू या शेवटपर्यंत?"

मी टेबलावरचा रिमोट उचलून मांडीवर ठेवला.

"नको, भावजी. डीव्हीडी राहू द्या इथेच. पुढचा मी एकटी बघेन."

तो उठून कोट घालू लागला. रोलाडन मीच वर ओढायला गेले. पट्टा मध्येच अडकला. झटका कसा द्यायचा ते मला कळेना, पण त्याला मी विचारलं नाही.