ग्रँड एंट्रीला मी नको

आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं आणि मी चौथीनंतर शाळा सोडली. त्यामुळे इंग्रजी शब्द मी लोकांच्या तोंडून ऐकूनच शिकले. कोण कुठे वापरतो ते बघायचं आणि अर्थ लावायचा. बहुतेक वेळा जमतं. पण मुलीचं लग्न ठरलं आणि ‘ग्रँड’ घरात शिरला, तो काही केल्या एका जागी बसेना.

मुलगी होणाऱ्या नणंदेला फोनवर सांगत होती, “साधंच करायचंय, पण ग्रँड.” मी भाजी निवडता निवडता ह्यांना विचारलं, म्हणजे कसं हो?

हे म्हणाले, “साधं असतं तसंच. फक्त माझा खिसा जास्त हलका होतो.”

साड्या घ्यायला उल्हासनगरला गेलो. सिंधी दुकानदार मोठा गोड बोलणारा. मी हात लावीन ती साडी त्याच्या मते ग्रँड होती. मला एक अबोली रंगाची, बारीक काठाची आवडली, तिच्यापाशी मात्र तो गप्प झाला. मग म्हणाला, “दीदी, ये घर में पहनो. शादी में दुल्हन की माँ दूर से दिखनी चाहिए.” म्हणजे लांबून दिसणं हा एक अर्थ झाला. मला जवळूनसुद्धा कोणाला दिसायचं नव्हतं, हे त्याला कसं सांगणार? जरीची घेऊन आलो.

घरी आल्यावर मुलीने खरी गोष्ट काढली. “आई, ग्रँड एंट्रीला तू आणि पप्पा माझ्या दोन बाजूंना. दारापासून स्टेजपर्यंत चालायचं. गाणं लागतं, खालून धूर सोडतात, सगळे उभे राहतात.”

“धूर कशाला?”

“ग्रँड वाटतं.”

“गॅस येईपर्यंत मी रोज धुरातच होते. तेव्हा कोणी उभं राहिलं नाही.”

“विषय बदलू नकोस.”

मी रीत पुढे केली. आमच्यात नवरीच्या आईने लग्न बघायचं नसतं. मंगलाष्टकं सुरू झाली की तिने तुळशीपाशी जायचं, पाणी घालायचं आणि टाळ्या ऐकू आल्या की परत यायचं. ही रीत कोणी काढली ठाऊक नाही, पण ती बाई नक्कीच माझ्यासारखी असणार.

“एंट्री मंगलाष्टकांच्या आधी असते,” मुलगी म्हणाली.

“तुळशीपाशी जरा लवकर गेलेलं बरं.”

ती हसली आणि मग एकदम थांबली. “गॅदरिंगला माझा नाच होता, तेव्हा तू बाहेर चपलांपाशी. कॉलेजात बक्षीस मिळालं, तेव्हा जिन्यात. आता लग्नात तुळशीपाशी. एकदा तरी समोर ये ना. मला तू दिसायला हवीस.”

मी जरीच्या साडीची घडी घालत बसले. तिने पुन्हा विषय काढला नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

लग्न शिरगावच्या एका एसी हॉलमध्ये झालं. एंट्रीला तिला स्टेजपर्यंत आणायला हे आणि माझा भाऊ असे दोघे गेले. मी खांबाआडून पाहिलं. धूर इतका सोडला होता की ह्यांचा नुसता फेटा तरंगत येताना दिसला. धुरातून बाहेर आल्यावर मुलगी चालता चालता बायकांच्या रांगांवरून नजर फिरवत होती. मी खांबाच्या आणखी आत सरकले.

भटजींनी अंतरपाट धरायला सांगितलं तशी मी तांब्या घेतला आणि फाटकाजवळच्या तुळशीपाशी गेले. सोबतीला माझ्या थोरल्या जाऊबाई. वृंदावन पांढरंशुभ्र, भोवती दिव्यांच्या माळा. मी तांब्या वाकवला तोच हॉलचा माणूस धावत आला. “मॅडम, पाणी नका घालू. आत वायर आहे.”

मी पान चिमटून पाहिलं. प्लास्टिकचं होतं. जाऊबाईंनीही चिमटून पाहिलं.

“ग्रँड आहे गो,” त्या म्हणाल्या. “कधी मरायची नाय.”

आतून मंगलाष्टकं ऐकू येत होती. आता काय करायचं, मी विचारलं. आमच्या घरात रीतिभातीचा निकाल जाऊबाईच देतात. त्यांनी थोडा विचार केला. “रीत तुळशीची हाय, ह्या खेळण्याची नाय. जा आत.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक जेवणाच्या रांगेत हायेत.”

तरी माझा पाय उचलेना. मला माझी आई आठवली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले, तेव्हा तिने भाकरी थापता थापता विचारलं होतं, अंतरपाट कसा होता गं? तीही माझ्या लग्नात तुळशीपाशी होती. मी लाजून सगळा वेळ खाली मान घातली होती, त्यामुळे मलाही सांगता आलं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही.

शेवटचं सावधान व्हायच्या आत मी आत शिरले. गाणं नव्हतं, धूर नव्हता, गालिचा मात्र भलताच लांब होता. स्टेजच्या पायरीशी पोचले तेव्हा अंतरपाट बाजूला होत होता. जावयाने हारासाठी मान पुढे केली होती. मुलगी हार हातात धरून माझ्याकडेच बघत राहिली. मान वाकवून वाकवून त्या बिचाऱ्याची काय अवस्था झाली असेल. शेवटी भटजींनीच तिला हाक मारली.

हार घालून होताच तिने डोळ्यांनी मला वर बोलावलं. तांब्या कोणाकडे द्यावा सुचेना, म्हणून तो घेऊनच पायरी चढले. तिने माझा दुसरा हात धरला, तो आम्ही जेवायला बसेपर्यंत सोडला नाही. सगळ्या फोटोंत मी आहे, पाण्याने भरलेला तांब्या धरून.