माहेराचं जंगल, गाडीतून न उतरता

माझी नोकरी कुठंच टिकत नाही. पुणे झालं, हैदराबाद झालं, सध्या सुरतेला पॅकिंगच्या कामाला आहे. शाळा नववीतच सुटली, तेव्हा लिहिण्यातलं चुकलंमाकलं सांभाळून घ्या. यंदा उन्हाळ्यात सुट्टीवर गावी आलो, गंगाखेडजवळ. पिशवी खाली ठेवतोय तोच आई म्हणाली, "मला एकदा माहेरी ने."

आईचं माहेर आता जंगलाच्या आत आहे. जिंतूरकडच्या डोंगरात राखीव जंगल झालं तेव्हा गाव उठवून चारठाण्याच्या बाजूला वसवलं. देवी मात्र मागंच राहिली. तिला फुलं लावून विचारलं होतं, येतीस का म्हणून. उजवं फूल पडलंच नाही. कौल नाही तर हलवायचं नाही. मग दर वर्षी मामा आईच्या नावानं खण, नारळ, तांदूळ घेऊन आत जायचा आणि देवीची ओटी भरून यायचा. चौकीवर ओळख होती, सोडायचे. मामा हिवाळ्यात वारला. आईला दुसरं भावंड नाही.

आता आत जायचं तर गाईडबरोबर, त्यांच्याच गाडीतून. फोन लावून विचारलं, देवीपाशी जरा उतरू द्याल का? पलीकडचा म्हणाला, "या तर खरं, बघू." आमच्याकडं बघू म्हणजे अर्धं हो. आईनं त्याच दिवशी हिरवा खण आणला.

गंगाखेडहून परभणीपर्यंत रेल्वे, तिथून जिंतूरची एसटी, पुढं गेटापर्यंत काळीपिवळी. पहाटेच निघा, ऊन लय वाईट. जिंतूरच्या स्टँडवर पोहे बरे मिळतात. मी खाल्ले. आईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. ओटी भरल्याशिवाय तोंडात काही घालायचं नसतं. आत खायला काही मिळत नाही, पाणी भरपूर न्या. गाडी वाटून घेतली की परवडते. आमच्याबरोबर नांदेडचं एक जोडपं होतं, गळ्यात मोठा कॅमेरा. गाईड म्हणजे खाकी शर्टातली सुनीताताई.

उन्हाळ्यात हे जंगल नुसतं हाडांचं दिसतं. साग, धावडा, सगळे उघडे. पण त्यामुळंच लांबवरचं दिसतं. तरस दिसलं, मोर तर पायलीला पन्नास.

"ताई, वाघ हाय का?" नांदेडकरानं विचारलं.

"वाघ न्हाई दादा. बिबट्या हाय, पण तो तुमची सुट्टी बघून येत न्हाई."

सगळे हसले. आई हसली नाही. ती बाहेर बोट करून मला सांगत होती, "ही पाणंद. इथं विहीर होती, बुजवली वाटतं. तिथं आमचा उकिरडा." नांदेडची बाई बिचारी उकिरडा कुठं दिसतोय ते बघायला लागली.

मग पाणवठा आला. गाव तिथंच होतं म्हणे. आता एक चिंच उरलीय आणि चिंचेखाली देवीचा दगड. शेंदूर पार उडालेला. अलीकडं रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप पाणी पीत होता. कॅमेरा कडाकड वाजायला लागला. आई उठून उभी राहिली.

"थांबव रे बाबा. उतरते मी."

"मावशी, बसा. खाली उतरता येत न्हाई," सुनीताताई म्हणाली.

मी म्हणालो, "फोनवर बघू म्हणले होते की."

"ते हापिसात बसून बघतात, दादा. उतरवलं तर घरी मला बसवतील."

"अगं, माझं माहेर हाय हे," आई म्हणाली.

ताई खाली बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "इथूनच हात जोडा, मावशी. देवी काय, कुठूनबी बघती."

"बघती की. लेक दारात आली आन् गाडीतूनच गेली, हे बी बघील."

आईनं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. रोही बिचकून पळाले, तशी ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

गेटापाशी सुनीताताई आईजवळ आली. "मावशी, ओटी माझ्याकडं द्या. उद्या सकाळी गस्तीला चालतच जाते, ठेवते मी."

"न्हाई गं बाई. लेकीनं भरायची, न्हाई तर तिच्या भावानं. तू कशाला वझं घेतीस?"

जिंतूरला मी उसाचा रस आणला. तो तसाच राहिला. घरी आल्यावर दिवेलागणीला आई दोन घोट पाणी प्याली. शेजारची काकू ओट्यावर येऊन टेकली.

"झालं का माहेर?"

"झालं. लय रोही दिसले," आई म्हणाली आणि चुलीपुढं जाऊन बसली.

जंगल चांगलं आहे, जरूर जा. मार्च-एप्रिलमध्ये प्राणी पाण्यावर येतात. पण तुमचं माणूस तिथलं असेल तर मी काय सांगू, मला कळत नाही. सुरतेला परत येऊन महिना झाला. परवा अण्णांचा, माझ्या वडलांचा, फोन आला होता. आई आमच्यावर चिडली की पहिल्यापासून एकच म्हणायची, जाते मी माहेरी निघून. अण्णा त्यावर हसायचे. परवा म्हणाले, "काल आमचं लय वाजलं रे. पण ती तसं काय बोललीच न्हाई. गप भाकरी थापत बसली."